रोजच्या लिहिण्याचं पेन

त्या वर्षी भाऊबीजेला मामांनी आईच्या तबकात नेहमीसारखी ओवाळणी घातली आणि माझ्या हातात एक पेन ठेवलं.

भाऊबीजेला आम्ही महाडहून पोलादपूरला जात असू. खरं तर भावानं बहिणीकडे यायचं. पण मामा मुंबईच्या एका कारखान्यात कामाला, दिवाळीला येत तेवढेच घरी असत. त्यांना पुन्हा महाडपर्यंत कशाला हिंडवायचं, असं आई म्हणे. माहेरचं अंगण बघायला तिला हे कारण पुरत असे.

पेन काळं होतं आणि त्यात तांबूस रेघा होत्या, सागाच्या फळीत असतात तशा. टोपण फिरवून काढलं तर जळक्या रबराचा वास आला. मी ते नाकाजवळ नेलेलं बघून मामा हसले.

"काय मडमिणबाई, अत्तर आहे का ते? लिहायचं आहे त्यानं."

मडमिणबाई हे माझं पोलादपुरातलं नाव. मी मावशीकडे मुंबईला राहून इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकले आणि त्याच उन्हाळ्यात घरी परत आले होते. इंग्रजी शिकलेली मुलगी फार बोलत असेल अशी लोकांची कल्पना असते. मी बोलत नसे. चार माणसं एकदम माझ्याकडे बघू लागली की माझे शब्द घशातच राहत. म्हणून मी एक सोपी युक्ती काढली होती. कुणी काही दाखवलं, खायला दिलं, विचारलं, की मी म्हणायची, "छान आहे." एवढं म्हटलं की माणसं पुढच्याकडे वळतात.

"छान आहे," मी म्हणाले.

"ते नको," मामा म्हणाले. "तू सगळ्यालाच छान म्हणतेस. मागे मामीच्या करपलेल्या अनारशालासुद्धा म्हणाली होतीस. हे पेन मी केलंय. निब तेवढी विकतची, बाकी सगळं माझ्या हातचं. तू घरी जा, रोज लिही, आणि मग मला खरं सांग."

मामा मला पडवीत घेऊन गेले. तिथे एक लेथ उभा होता, पायानं चालवायचा, जुना. मुंबईत कुणीतरी मोडीत काढलेला मामांनी घेतला होता. सुटा करून बोटीनं दासगावपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं पोलादपूरला आणला होता. गाडीवान वाटभर विचारत होता म्हणे, उसाचा चरक आहे का, आणि ऊस कुठे आहे. लेथवर कडक रबराची कांडी बसवून मामा ती कातत, आतून पोकळ करत, आटे पाडत, आणि शेवटी करवंटीच्या राखेनं आणि तेलानं घासत. महाडच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, त्या दुकानदाराशी त्यांचं बोलणं झालं होतं. स्वदेशी पेन ठेवायला तो तयार होता, पण त्याची एक अट होती. संक्रांतीला गावातली वकील मंडळी आमच्याकडे तिळगुळाला जमत. त्यांच्यासमोर पेन चालवून दाखवायचं. त्यांनी पसंत केलं तर दुकानात फक्त मामांचीच पेनं राहणार होती. नाहीतर मामांनी यंदा काढलेली बिनपगारी रजा तेव्हाच संपत होती, आणि संक्रांतीनंतरची मुंबईची बोट होतीच.

निघताना मामीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. मामी कशेडी घाटाखालच्या गावातली. तिचं बोलणं ऐकायला मला फार आवडे.

"नीट बघ गो बाय ते पेन," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून माझं माणूस म्हंजे दिवाळीचा फराळ. आला, गोड लागला, संपला. यंदा मला वाटतंय, जरा टिकंल."

असं म्हणून ती हसली आणि माझ्या ओटीत चकल्या बांधल्या. मी "छान आहेत" म्हटलं नाही.

महाडला आल्यावर मी रोज लिहू लागले. आमच्या घरात लिहिण्याला तोटा नव्हता. अप्पा, म्हणजे माझे वडील, महाडच्या कोर्टात वकिली करत. अलिबागला अपील गेलं की त्याच्या इंग्रजी नकला मी करून देई. आईची परटाची यादी, आत्याची पुण्याच्या नणंदेला जाणारी कार्डं, शेजारच्या बायकांचे मुंबईच्या नवऱ्यांना निरोप, हे सगळं माझ्याकडे येई. बोलावं लागत नसल्यामुळे मला हे काम मनापासून आवडे.

आतापर्यंत मी टाकानं लिहीत होते. टाकानं लिहिताना वाक्य मध्येच तोडून दौतीकडे जावं लागतं. गेल्यावर पहिली अक्षरं गडद उमटतात, मग फिकी, मग पुन्हा गडद, म्हणजे पानावर लाटा दिसतात. पेनानं तसं काही होत नव्हतं. पहिल्या दिवशी मी अपिलाचं एक पान सुरू केलं आणि कधी संपलं ते मला कळलं नाही. हात थांबला तो कागद संपल्यामुळे. मला इतका आनंद झाला की मी तेच पान उगाच दुसऱ्यांदा लिहून काढलं. अप्पांनी ते खिडकीकडे धरून पाहिलं.

"सगळं एका रंगात आहे," ते म्हणाले. "प्रतिपक्षाला वाटेल छापून आणलंय."

पण मला पेन तपासायला दिलं होतं, लाड करायला नव्हे. मी बारकाईनं बघू लागले. बोटं टेकतात तिथे आट्यांची धार किंचित लागत होती. टोपण मागच्या टोकाला बसवलं की पेन मागे ओढल्यासारखं होई, म्हणून मी ते टेबलावर ठेवू लागले. बाजारात मिळणाऱ्या वड्यांची शाई आधी फडक्यातून गाळून घेतली नाही तर तिचा गाळ निबेखालच्या जिभेत अडके. जीभ म्हणजे निबेला खालून शाई पुरवणारी कोरलेली काडी. टोपण उघडं राहिलं तर पहिलं अक्षर रुसत असे. हे सगळे लहान दोष होते, आणि मला तर ते ओळखीच्या माणसाच्या सवयींसारखे वाटू लागले होते.

अप्पांचे कारकून म्हातारे होते. मी त्यांना कारकूनकाका म्हणे. ते बैठकीवर उजवा गुडघा उभा करून बसत, गुडघ्यावर कागद घेत, आधी पानभर आडव्या रेघा ओढत आणि मग त्या रेघांना मोडी अक्षरं टांगत जात. शब्द मध्येच तोडून बोरू उचलणं म्हणजे त्यांच्या मते कमीपणा. लिहून झालं की डबीतली बारीक वाळू पानावर भुरभुरत आणि शाई वाळली की पान झटकत. मी एकदा पेन त्यांच्यापुढे केलं.

त्यांनी टोपण काढलं, निब निरखली, आणि सरळ दौतीत बुडवली. मग बोरू झटकतात तसं पेन झटकलं. भिंतीवर शाईची माळ उमटली.

"काका, त्याला दौत लागत नाही. शाई आतच आहे."

"आतच?" त्यांनी पेन कानाजवळ नेऊन हलवलं. "मग थांबायचं कधी?"

"थांबायलाच लागत नाही."

"अगं, पण मग विचार कधी करायचा? दौतीकडे जाता-येता पुढचं सुचतं माणसाला." त्यांनी पेन मला परत दिलं आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "ते मी पुसतो. तुझ्या आईला सांगू नको."

आणि मग पेन ओकायला लागलं.

एका दुपारी मी नक्कल करत होते. ओळ छान चालली होती आणि एकदम निबेतून हरभऱ्याएवढा थेंब सुटून पानावर पडला. सगळं पान गेलं. मला वाटलं मी जोर दिला असेल. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. अप्पांनी डागाभोवती बोट फिरवलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे कोर्टाला काय सांगतंय?"

घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आई म्हणाली, नवं आहे, सरावेल. कारकूनकाका म्हणाले, आत कोंडलेली वस्तू कधीतरी बाहेर पडणारच. आत्या म्हणाली, "हिचा हातच उष्ण आहे. लहानपणापासून आहे. हिनं विरजलेलं दही आंबट होतं." सगळे हसले. मीही हसले, पण मला रात्री जेवण गेलं नाही. संक्रांतीला हेच वकिलांच्या पानावर झालं तर मामा बोटीत बसणार, हे मला दिसत होतं. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं की सकाळी शाई भरून लिहायला बसलं की पेन शहाण्यासारखं वागतं. ओकतं ते दुपारी.

पौष लागायच्या आधी आत्यानं गुडघ्यांसाठी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं काढलं. बैलगाडी जुंपून आम्ही बायका सकाळीच निघालो. रोज लिही असं मामांनी सांगितल्यामुळे पेन माझ्याबरोबर होतं, आणि दुसरी जागा नसल्यामुळे ते आत्याच्या कापडी पिशवीत, तिच्या कोरड्या लुगड्याच्या घडीत ठेवलेलं होतं. पिशवी कुंडाच्या काठी दगडावर ठेवून आम्ही पाण्यात उतरलो. सवच्या पाण्याला गंधकाचा वास येतो. पहिल्यांदा नाक मुरडावंसं वाटतं, पण पाय आत गेले की माणूस नाक विसरतो. आत्या गळ्यापर्यंत बुडून बसली आणि गुडघ्यांशी बोलू लागली.

बाहेर आल्यावर तिनं लुगडं उलगडलं.

"अगं बाई! ह्याला कसले गं निळे डोळे फुटले?"

घडीच्या प्रत्येक पदरावर एकेक गोल डाग होता, ओळीनं, खाली लहान होत गेलेला. मी पेन उचललं. टोपण शाईनं भरलं होतं आणि आट्यांतून शाई ठिबकत होती. निघताना पेन अर्धं भरलेलं होतं, आता ते बहुतेक रिकामं होतं. मी पिशवी ठेवली होती त्या दगडावर हात ठेवला. दगड चांगलाच तापलेला होता.

तेव्हा मला आमच्या शाळेतला एक प्रयोग आठवला. बाईंनी काचेच्या चंबूच्या तोंडावर रबरी फुगा बसवला होता आणि चंबू खालून तापवला होता. मेल्यासारखा लोंबणारा फुगा हळूहळू उभा राहिला. हवा तापली की फुगते. मी तेव्हा ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेत लिहून आले आणि विसरले. पेन भरलेलं असतं तेव्हा आत शाईच असते, हवा जवळजवळ नसतेच. अर्धं रिकामं झालं की आत हवा येते. हातानं ती तापते, फुगते, आणि शाईला बाहेर ढकलते. सकाळी हात गार, पेन भरलेलं. दुपारी हात गरम, पेन अर्धं. मी कुंडाच्या काठावर ओल्या अंगानं बसून मोठ्यानं हसले.

"माझं लुगडं गेलं आणि ही हसतेय!" आत्या म्हणाली.

"आत्या, तू म्हणालीस तेच खरं. माझा हात उष्ण आहे."

"मग? मी पहिल्यापासून सांगत होते," आत्या म्हणाली. पुढे जन्मभर हा शोध तिच्याच नावावर राहिला. निळ्या डोळ्यांच्या त्याच लुगड्यात ती महाडपर्यंत आली आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तिनं डाग दाखवले.

घरी मी पुन्हा करून पाहिलं. पेन भरून मुठीत दाबून धरलं तर काही नाही. अर्धं ठेवून धरलं तर थोड्या वेळानं निबेवर थेंब फुगतो आणि पडतो. आता प्रश्न सांगण्याचा होता. संक्रांतीला पेन काठोकाठ भरून दाखवलं तर ते मुळीच ओकणार नव्हतं. वकील खूश झाले असते, दुकानदारानं माल घेतला असता. मीही "छान आहे" म्हणून सुटले असते. पण विकत घेणारा माणूस रोज पेन भरून कुठे ठेवतो? महिन्याभरात तालुक्यातल्या सगळ्या कारकुनांच्या पानांवर हरभरे पडले असते आणि पेनं मामांच्या दारात परत आली असती. तोवर मुंबईची नोकरीही गेलेली असती.

आईला घेऊन मी सर्व्हिस मोटारीनं पोलादपूरला गेले. मामा पडवीतच होते. लेथशेजारच्या फळीला भोकं पाडून त्यांनी संक्रांतीसाठी केलेली पेनं ओळीनं उभी ठेवली होती. पायाखाली रबराची कुरळी साल पडली होती.

"या मडमिणबाई! बोला, कसं आहे?"

"छान आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"झालं! आलं हिचं छान!"

"तिला बोलू द्या हो," आतून मामीचा आवाज आला. "तुमचंच तोंड पहिलं चालतं."

बोलण्यापेक्षा करून दाखवणं मला सोपं होतं. मी मामीकडे तांब्याभर कढत पाणी मागितलं. माझं पेन अर्धं भरून, टोपण काढून, निब खाली करून मी ते तांब्याला टेकवून धरलं. खाली बशी ठेवली. मामा, आई, मामी तिघं बघत होते. निबेच्या टोकाशी थेंब आला, फुगला आणि बशीत पडला. त्यामागून दुसरा.

मामांनी फळीवरचं एक नवं पेन काढलं, त्यात थोडी शाई घातली आणि तांब्याला लावलं. थेंब पडला. त्यांनी आणखी एक काढलं. तेही ओकलं.

"म्हणजे ही सगळी गेली," ते हळूच म्हणाले.

मामी दारात उभी होती. तिचे हात पिठाचे होते आणि ती ते पुसत नव्हती. मला वाटलं मी उगाच आले. तरी मी एकदम, श्वास न घेता, शाळेतला चंबू, फुगा, सवचा दगड आणि आत्याचं लुगडं सगळं सांगून टाकलं. इतकं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. लुगड्याच्या निळ्या डोळ्यांपाशी आल्यावर मामांच्या मिशा हलल्या.

"हवा," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "अरे, हवा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "जाड करायला पाहिजे. भिंत जाड, पोट लहान. हाताची ऊब आत पोचताच कामा नये. आणि जिभेला खाचा. बाहेर आलेला थेंब बसेल कुठे? त्याला बसायला जागा पाहिजे ना! आई गं, मी जिभेला गुळगुळीत घासत बसलो होतो, चांगली दिसावी म्हणून!"

"दिसायचं काय, ती तर आत असते," मामी म्हणाली. "गुळगुळीत जीभ काय कामाची? माझी बघा, खाचाच खाचा."

त्यावर मामा इतके हसले की लेथचं चाक त्यांच्या पायानं आपोआप फिरायला लागलं.

आई परत गेली, मी राहिले. टोपणं तीच ठेवून मामांनी पोटं नवी कातायला घेतली. जिभेला ते पातळ करवतीनं फणीच्या दातांसारख्या खाचा पाडत. एकेक पेन तयार झालं की मी ते अर्धं भरून तांब्याला लावी. मामीच्या चुलीवर दिवसभर पाणी उकळत होतं.

"चहाला आधण ठेवायला जागा नाय," ती म्हणे, "आणि पेनांची न्हाणी चाललीत."

पण पाणी निवलं असं मी म्हणायच्या आत दुसरा तांब्या येई. पहिल्या नव्या पेनाचा थेंब खाचांत अडकला पण शेवटी पडला. मामांनी खाचा वाढवल्या. मग एक पेन असं आलं की थेंब निबेखाली दाटला, चमकला आणि तिथेच बसून राहिला. आम्ही तिघं बशीकडे बघत राहिलो. बशी कोरडी होती. मामीनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि मग त्यातच आम्हाला चहा दिला.

संक्रांतीच्या संध्याकाळी आमच्या बैठकीत वकील मंडळी आली, दुकानदार आला. मी तिळगुळाचं ताट घेऊन आतल्या दाराशी उभी होते. मामांनी स्वच्छ कोट घातला होता आणि ते फार बोलत होते. घाबरले की ते फार बोलतात. रबर कुठून येतं, निब कशी होते, लेथ कसा आणला, गाडीवानानं ऊस कसा मागितला, सगळं सांगून झालं तेव्हा अप्पा म्हणाले, "आता पेनाला बोलू दे."

मंडळींनी पेन कारकूनकाकांकडे दिलं. त्यांच्याइतका अवघड माणूस महाडात दुसरा नव्हता. ते गुडघा उभा करून बसले, टोपण काढलं आणि पेन दौतीत बुडवलं. सगळी बैठक हसली. ते जराही लाजले नाहीत. त्यांनी पेन झटकलं, आणि शेजारच्या वकिलांच्या पांढऱ्या उपरण्यावर शाईची माळ उमटली. ते वकील "अहो, अहो!" करत उठेपर्यंत काकांनी पानभर रेघा ओढल्याही होत्या. मग त्यांनी लिहिलं, अक्षर न तोडता, पान संपेपर्यंत. वाळू टाकली, झटकली, पान लांब धरलं.

"बोरूसारखं वळण येत नाही," ते म्हणाले. "अक्षराला जाडी नाही. पण..." त्यांनी पुन्हा पानाकडे पाहिलं. "हात अडला नाही."

मामा खुलले. पण दुकानदार सावकाश म्हणाला, "शाई संपत आली म्हणजे काय होतं? भरलेलं पेन सगळंच चालतं हो. मी विलायती पेनंसुद्धा ओकताना बघितलीत."

मामा दाराकडे वळले. "भाचीला विचारा. रोज तीच लिहिते."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. ताट माझ्या हातात होतं म्हणून बरं, हात कुठे ठेवायचे हा प्रश्न नव्हता. मला "छान आहे" म्हणता आलं असतं. कुणी आणखी काही विचारलंही नसतं.

"आधीचं ओकत होतं," मी म्हणाले. "अर्धं रिकामं झालं आणि हात गरम झाला की. हे नवं केलंय. हे ओकत नाही. अर्धं रिकामं करून गरम कपाला लावून बघा."

"वा!" डाग पडलेले वकील म्हणाले. "वकिलाची मुलगी, आणि साक्ष उलट बाजूची!"

मामांचा चेहरा "ओकत होतं" या शब्दाला पडला होता. दुकानदारानं मात्र मान हलवली. त्यानं बरीचशी शाई दौतीत सोडली आणि पेन चहाच्या भरल्या कपाला टेकवून, निब खाली करून धरलं. खाली कारकूनकाकांचं लिहिलेलं पान होतं. थेंब आला. फुगला. कुणी हललं नाही. थेंब निबेखाली चमकत राहिला.

"चहा निवला," कुणीतरी म्हणालं. आईनं आतून लगेच दुसरा वाफाळता कप पाठवला. थेंब तसाच राहिला. दुकानदारानं निब आपल्या पंजावर पुसली, तळहातावर निळी रेघ उमटली ती बघितली, आणि त्याच पेनानं कागदावर दुकानाची सही केली. सही करून झाल्यावर ती त्यानं दुसऱ्यांदा केली, मी अपिलाचं पान केलं होतं तशीच.

"होळीपर्यंत जेवढी होतील तेवढी द्या," तो मामांना म्हणाला. "आणि दुकानात यायच्या आधी प्रत्येक पेन ह्या ताईंच्या हातून येऊ दे. ओकलं तर ओकलं म्हणणारं माणूस पाहिजे मला."

मामांनी मला मिठी मारली असती, पण मध्ये तिळगुळाचं ताट होतं. त्यांनी मूठभर तिळगूळ उचलून माझ्याच तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असल्यामुळे मला पुढे कुणाशी बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं मामा पोलादपूरला निघाले, मलाही बरोबर घेतलं. मामी पडवीत सुपात तांदूळ घोळत होती. तिनं मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सूप खाली ठेवलं.

"बोट कधी हाय?" तिनं विचारलं.

"बोट आहे तिच्या वेळेला," मामा म्हणाले. "आपण नाही त्यात."

मामी आत गेली. भांड्यांचा आवाज आला, उगाचच, कुठलं भांडं कुठे ठेवल्यासारखा. मग ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर पाट टाकून बसली.

"हाय का तुझ्याजवळ ते पेन? आणि कार्ड? बस, लिही. ह्यांच्या मुंबईच्या खानावळवाल्याला."

"काय लिहू?"

"लिही, ह्यांचं ताट बंद कर. आजपासून."

मी लिहिलं. "आणखी?"

"लिही, इतकी वर्षं माझ्या माणसाला जेवायला घातलंस, तुझं बरं होवो." ती थांबली. "आणि लिही, आमटीत मीठ कमी पडायचं."

"अगं, मीठ अगदी बरोबर असायचं!" मामा लेथवरून ओरडले. "चांगला माणूस आहे तो बिचारा!"

"तुम्ही गप बसा. मुंबईहून येत तेव्हा वाळून काडी झालेले असत, ते मी बघत होते का तो? लिही गो तू. मीठ कमी."

मामा माझ्याकडे बघून नको, नको अशी मान हलवत होते. मामी कार्डाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मी लिहिते की नाही ते तिला कळलं असतं.

मी लिहिलं. मीठ कमी, असंच लिहिलं.